असे निदर्शनास आले

मेल मेडिसिन वॉर्डच्या टोकाला बाथरूम होतं आणि त्याच्या दाराजवळ वॉर्डातल्या मावशींचं स्टूल. तिथून त्यांना सगळा वॉर्ड दिसायचा. कोण उठलं, कोणाला हात द्यायला हवा, कोणाला आत जाऊन फार वेळ झाला. मी तेव्हा मेडिसिनची दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट. राउंडच्या आधी रिपोर्ट गोळा करत धावत होते, तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "मॅडम, ते अकरा नंबर बाथरूमला जाऊन आले की पांढरेफटक पडतात. घाम सुटतो, डोकं धरून बसतात. चार दिवस बघतेय मी."

"बघते हं," म्हटलं आणि पुढे गेले. रेसिडेंटच्या तोंडी 'बघते'चा अर्थ 'आत्ता नको' असाच असतो.

अकरा नंबर म्हणजे चाळिशीतले एक गृहस्थ. तीन गोळ्या चालू असूनही बीपी आटोक्यात येत नव्हतं. मधूनच डोकं फुटेल असं दुखायचं, छाती धडधडायची, अंग घामाने भिजायचं आणि दहा-पंधरा मिनिटांत सगळं शांत. आम्ही पोचेपर्यंत अटॅक संपलेला असायचा. केसपेपरवर कोणीतरी 'अँग्झायटी' लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह टाकून. दुसऱ्या दिवशी ते प्रश्नचिन्ह गेलं. कोणी खोडलं नव्हतं. पुढच्याने नोट्स उतरवताना ते घेतलं नाही, एवढंच. सायकिअ‍ॅट्रीचा रेफरन्स गेला. धडधडीसाठी बीटा ब्लॉकरची गोळी सुरू झाली. ही गोळी मी लिहिली होती.

दुपारी ओपीडी संपवून वॉर्डात आले तर ते पुन्हा डोकं धरून बसलेले. मावशींनी माझ्याकडे नुसतं पाहिलं, बोलल्या काही नाहीत. त्या पाहण्यामुळे मी बीपीचं मशीन उचललं. संध्याकाळी त्यांना लघवीला जायचं होतं तेव्हा आधी पलंगावरच बीपी घेतलं, १५० वर ९४. दंडाचा पट्टा तसाच ठेवून ते आत गेले आणि मी दाराबाहेर मशीन हातात धरून उभी. वॉर्डातले लोक बघत होते, जरा हसूही आलं असेल त्यांना. बाहेर आले तेव्हा ओठांवर रंग नव्हता. मावशींनी उठून स्टूल दिलं. पट्टा २०० पर्यंत फुगवला तर ठोके ऐकूच येत होते. आणखी फुगवला. २३६ वर १३०.

मला वाटलं, मशीन बिघडलं. धावत जाऊन शेजारच्या वॉर्डातलं दुसरं आणलं. तोवर बीपी उतरलं होतं. दुसऱ्या दिवशी तीनदा तोच प्रकार केला आणि तिन्ही वेळा तेच झालं, तेव्हा कुठे सरांना सांगायची हिंमत झाली.

सरांनी आकडे पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला तो असा की, ह्यांना बीटा ब्लॉकर कोणी दिलं? मी गप्प. त्यांनीही उत्तराची वाट पाहिली नाही. गोळी बंद झाली, चोवीस तासांची लघवी गोळा करायला डबा दिला गेला आणि मूत्राशय भरलेलं ठेवून सोनोग्राफी झाली. लघवीच्या पिशवीच्या भिंतीत लहानशी गाठ होती.

ही गाठ पॅरागँग्लिओमा जातीची. अ‍ॅड्रिनल ग्रंथीत, म्हणजे किडनीच्या डोक्यावरच्या ग्रंथीत, झाली तर तिला फिओक्रोमोसायटोमा म्हणतात, बाहेर झाली तर पॅरागँग्लिओमा. काम दोन्हींचं एकच, अ‍ॅड्रिनॅलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनॅलिनसारखी रसायनं रक्तात सोडत राहणं. मूत्राशयात ती फारच क्वचित सापडते; तिथल्या हजार गाठींत एकही निघत नाही. पण सापडली की तिची लक्षणं इतकी ठळक की एकदा ऐकली तर विसरता येत नाहीत. लघवी करताना पिशवी आकसते, गाठ पिळली जाते, रसायनांचा लोंढा सुटतो आणि बीपी आकाशाला भिडतं. घड्याळ लावावं तसं. १९५३ साली ह्याचं पहिलं वर्णन छापून आलं.

आणि बीटा ब्लॉकर? नॉरअ‍ॅड्रिनॅलिन रक्तवाहिन्या आवळतं ते पेशींवरच्या अल्फा रिसेप्टरमार्फत; रिसेप्टर म्हणजे रसायन जिथे चिकटतं ती जागा. बीटा रिसेप्टर काही वाहिन्या थोड्या सैल ठेवतात. ते आधी बंद केले तर आवळणाऱ्याला अडवणारं कोणी उरत नाही. म्हणून आधी अल्फा ब्लॉकर, मग गरज पडली तर बीटा, हे पुस्तकात ठळक अक्षरांत असतं आणि परीक्षेत मी ते लिहूनही आले होते. परीक्षेतल्या प्रश्नात मात्र गाठीचं नाव दिलेलं होतं.

दोन आठवडे अल्फा ब्लॉकर देऊन मग ऑपरेशन झालं. सर्जन गाठीला हात लावतील तसतसं मॉनिटरवरचं बीपी उड्या मारत होतं. भूलतज्ज्ञ बाईंचा चेहरा अजून आठवतो. गाठ निघाली. पेशंट बरे झाले. सर म्हणाले, "लिही. छापू."

तो माझा पहिला केस रिपोर्ट. प्रस्तावना, केस, चर्चा, निष्कर्ष. दहा-बारा दिवस रात्री जागून लिहिला. वैद्यकीय इंग्रजीची एक ठरलेली चाल असते. तिच्यात 'मी' नसतो, 'आम्ही'सुद्धा घासाघीस करून येतो. सगळं कर्मणी. तपासणी करण्यात आली, औषध देण्यात आलं, अमुक दिसून आलं. माझ्या रिपोर्टातल्या कळीच्या वाक्याचं मराठी करायचं तर असं होईल: 'रुग्णाच्या लक्षणांचा लघवीच्या क्रियेशी संबंध असल्याचे निदर्शनास आले.' आणि त्याच्या चार ओळी आधी, 'रुग्णास बीटा ब्लॉकर सुरू करण्यात आले होते.'

दोन्ही वाक्यं खरी आहेत. दोन्हींतून एकेक बाई गाळलेली आहे. पहिल्यातून मावशी, दुसऱ्यातून मी. तेव्हा मला ह्यात काहीच खटकलं नाही. उलट वाक्यं कशी छान, थंड, शास्त्रीय झाली आहेत असं वाटलं.

पुढे केस रिपोर्ट वाचायचा नाद लागला, तो अजून आहे. संशोधनाच्या उतरंडीत ह्या प्रकाराची जागा तळाशी. वर सगळ्या ट्रायल्सचा एकत्र आढावा, मग ट्रायल, मग मोठे अभ्यास आणि अगदी खाली, तज्ज्ञाच्या मताच्या जेमतेम वर, एका माणसाची गोष्ट. कित्येक नियतकालिकं ती छापतच नाहीत, कारण केस रिपोर्टला पुढे कोणी फारसं उद्धृत करत नाही आणि नियतकालिकाचा भाव उद्धृतींवर ठरतो. मला मात्र जुने रिपोर्ट उघडले की एकच शोधायची खोड लागली आहे. बघितलं कोणी?

सिकल सेल आजाराचं उदाहरण घ्या. १९१० मध्ये जेम्स हेरिकने शिकागोहून एका तरुणाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या लाल पेशी दिसल्याचं प्रसिद्ध केलं. हा तरुण ग्रेनाडाहून दंतवैद्यक शिकायला आलेला. हेरिक मोठा डॉक्टर, पुढे १९१२ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यावर त्याने लिहिलेला लेखही गाजला. पण १९०४ च्या डिसेंबरात त्या तरुणाच्या रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्या वाकड्या पेशी प्रथम पाहिल्या त्या अर्नेस्ट आयर्न्स नावाच्या इंटर्नने. त्याने नोट्समध्ये त्यांचं चित्रही काढलं होतं. लेखाला लेखक म्हणून नाव एकट्या हेरिकचं. मला हेरिकला खलनायक करायचा नाही. इंटर्नने काढलेल्या चित्राकडे दुर्लक्ष न करणारा वरिष्ठ मिळणं हेही नशीबच, आणि पाचेक वर्षं एका न सुटलेल्या केसचा पिच्छा न सोडणं सोपं नसतं. तरी काचेला डोळा लावलेला तो मुलगा मला जास्त जवळचा वाटतो. रात्रीची वेळ असेल, झोप आली असेल, आणि 'स्लाइड खराब झाली' म्हणून ती फेकून द्यायची पूर्ण मुभा होती त्याला.

किंवा १९८१. अमेरिकेत पेंटामिडीन हे औषध तेव्हा सरकारी रोगनियंत्रण केंद्राकडूनच मागवावं लागे. न्यूमोसिस्टिस न्यूमोनियासाठी ते लागतं आणि हा न्यूमोनिया प्रतिकारशक्ती ढासळलेल्यांनाच होतो. कॅन्सरचे किंवा किडनी बदललेले पेशंट. हे औषध पाठवायचं काम करणाऱ्या तंत्रज्ञ सँड्रा फोर्ड ह्यांच्या लक्षात आलं की मागण्या वाढल्यात, पेशंट तरुण आहेत आणि फॉर्मवर प्रतिकारशक्ती कमी असण्याचं कारणच लिहिलेलं नाही. त्यांनी वरिष्ठांना तसं लिहून कळवलं. त्याच सुमारास लॉस एंजेलिसमध्ये मायकेल गॉटलीब आणि सहकारी पाच तरुणांच्या केसेस जुळवत होते. त्या केसेस त्याच केंद्राच्या ५ जूनच्या साप्ताहिक अहवालात आल्या. पाच माणसं, त्यातली दोन आधीच दगावलेली. अंकातली पहिली बातमी ती नव्हतीच, पहिली होती डेंग्यूची. एड्सची पहिली अधिकृत नोंद ही. फोर्ड एकाही पेशंटला भेटल्या नव्हत्या. त्यांच्यापुढे होते फक्त फॉर्म, आणि फॉर्ममधली एक रिकामी जागा.

कर्ता न गाळता लिहिलेलं कसं दिसतं हे पाहायचं तर आलोइस अल्झायमरच्या हातच्या नोट्स पाहाव्यात. आउगुस्ट ही त्याची ५१ वर्षांची पेशंट १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात दाखल झाली. तिची हरवलेली फाइल १९९५ मध्ये सापडली. तिच्यात 'स्मृतिभ्रंश आढळून आला' असलं वाक्य पुढे करून तो मोकळा झालेला नाही. प्रश्न आणि उत्तरं जशीच्या तशी उतरवली आहेत. नाव काय? आउगुस्ट. आडनाव? आउगुस्ट. नवऱ्याचं नाव? आउगुस्ट, मला वाटतं. वाचताना समोर दोन माणसं बसलेली दिसतात, एक विचारणारं आणि एक चाचपडणारं. १९०६ मध्ये, ती गेल्यावर, त्याने ही केस ट्यूबिंगनच्या परिषदेत मांडली तेव्हा श्रोत्यांतून एकही प्रश्न आला नाही.

मोठ्या ट्रायल असताना ही एकेकट्याची निरीक्षणं हवीत कशाला, असं विद्यार्थी विचारतात. त्यांना मी एक साधं गणित सांगते, ते मला स्वतःला फार उशिरा कळलं. एखादं औषध ३०० जणांना दिलं आणि एकालाही अमुक दुष्परिणाम झाला नाही, तरी तो दुष्परिणाम प्रत्यक्षात शंभरात एकाला होत असण्याची शक्यता शिल्लक राहते. ३ ला पेशंटांच्या संख्येने भागायचं, ही ९५ टक्के खात्रीची वरची मर्यादा. म्हणजे दहा हजारांत एकाला होणारा दुष्परिणाम एकदा तरी दिसेलच अशी खात्री हवी असेल तर तीस हजार माणसं लागतील. बाजारात येण्याआधी एवढ्या माणसांवर औषध क्वचितच तपासलेलं असतं. तो तीस हजारावा माणूस कुठल्या तरी वॉर्डात, कुठल्या तरी दमलेल्या डॉक्टरपुढे येतो.

कधी हा योगायोग गोड असतो. २००८ मध्ये बोर्दोच्या डॉक्टरांनी एक छोटं पत्र छापलं. एका बाळाच्या नाकावर रक्तवाहिन्यांची लाल गाठ होती, हेमँजिओमा. त्याला हृदयाचा त्रासही निघाला, म्हणून प्रोप्रानोलॉल दिलं. दुसऱ्या दिवशी गाठीचा भडक लाल रंग जांभळट झाला आणि ती मऊ पडली. पत्रात एकूण अकरा मुलं होती. पुढे ४६० बाळांवर रीतसर ट्रायल झाली आणि आज ह्या गाठीवर पहिलं औषध तेच देतात. (हेही बीटा ब्लॉकरच. माझ्या हातून ज्याने घात होता होता राहिला तेच. वाचताना जरा जळले मी.) ह्यात मला लोभस वाटतं ते हे की, दुसऱ्या दिवशी रंग बदलला हे कळायला पहिल्या दिवशीचा रंग कोणाच्या तरी डोळ्यांत असावा लागतो. हृदयासाठी औषध देणाऱ्याने नाकाकडे नीट बघितलेलं असावं लागतं.

आणि कधी हेच छोटं पत्र आग लावतं. १९८० मध्ये एका प्रतिष्ठित अमेरिकी नियतकालिकात पाच वाक्यांचं पत्र आलं. रुग्णालयात अफूवर्गीय वेदनाशामक मिळालेल्या ११,८८२ पेशंटांपैकी व्यसन लागल्याची नोंद फक्त चौघांत सापडली, असं त्यात होतं. ते लोक रुग्णालयात दाखल होते, औषध डॉक्टरांच्या नजरेखाली मिळत होतं, घरी गेल्यावर काय झालं ते कोणी पाहिलेलं नव्हतं. पण पुढच्या काही दशकांत ह्या पत्राचा सहाशेहून जास्त वेळा हवाला दिला गेला, बहुतेकदा 'व्यसन लागत नाही' ह्याचा पुरावा म्हणून, आणि बरेचदा हे पेशंट रुग्णालयातले होते एवढंही न सांगता. २०१७ मध्ये नियतकालिकाला त्या पत्रावर इशारा डकवावा लागला. पत्र खोटं नव्हतं. पुढच्यांनी उतरवून घेताना प्रश्नचिन्ह गाळलं. माझ्या अकरा नंबरच्या केसपेपरवरचं गेलं तसंच.

म्हणून मला विल्यम मॅकब्राइड ह्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरचं डिसेंबर १९६१ चं पत्र आवडतं. गरोदरपणात थॅलिडोमाइड हे औषध घेतलेल्या बायकांची बाळं व्यंग घेऊन जन्मताहेत, एवढं सांगून तो वाचकांना विचारतो की तुमच्यापैकी कोणी असं पाहिलं आहे का? पत्र संपतं ते ह्या प्रश्नावर. जगभर दहा हजारांहून जास्त बाळांना त्या औषधाने इजा झाली. हाच मॅकब्राइड पुढे आपल्या डोळ्यांवर इतका विसंबला की दुसऱ्या एका औषधाच्या अभ्यासात त्याने सशांवरच्या प्रयोगाचे आकडे फिरवले, आणि १९९३ मध्ये त्याचं नाव डॉक्टरांच्या यादीतून काढलं गेलं. एकदा बरोबर दिसलं म्हणजे दरवेळी दिसेलच असं त्याला वाटलं असावं. विचारायचं त्याने सोडून दिलं होतं.

अकरा नंबरच्या संमतीची गोष्ट राहिली. रिपोर्ट छापायचा तर पेशंटची लेखी संमती लागते. फॉर्म घेऊन गेले तर ते म्हणाले, "राउंडला सर म्हणत होते इंटरेस्टिंग केस आहे, ती मीच ना?" मी ओशाळून हो म्हटलं. "आधी तर म्हणत होते टेन्शनमुळे होतंय," ते म्हणाले. रागाने नव्हे, नुसतं जुळवून बघत. मग सही केली आणि विचारलं की छापून आल्यावर एक प्रत मिळेल का. देईन म्हटलं. छापून यायला चौदा महिने लागले, तोवर माझी बदली दुसऱ्या युनिटला झाली होती, पत्ता जुन्या फाइलमध्ये होता. प्रत दिली गेली नाही. बघा, पुन्हा कर्मणी. मी दिली नाही.

२०१३ मध्ये केस रिपोर्ट कसा लिहावा ह्याचे 'केअर' नावाचे नियम आले. त्यात रुग्णाचं स्वतःचं म्हणणं घ्यावं असा एक मुद्दा आहे. माझ्या हाताखालची मुलं तिथे बहुधा 'उपचारांबद्दल रुग्णाने समाधान व्यक्त केले' असं लिहून मोकळी होतात. वॉर्डात काम करणाऱ्या बाकीच्यांचं म्हणणं घ्यायला तर रकानाच नाही. आणि चुकलेल्या केसेस कोण लिहितो? माझ्या नावावर आता बऱ्यापैकी रिपोर्ट आहेत आणि सगळ्यांत निदान शेवटी बरोबर निघतं. जे माझ्या हातून निसटले, त्यांच्यावर मी एक ओळ छापलेली नाही. त्यातले तीन चेहरे मला पाठ आहेत.

गेल्या महिन्यात एक रेसिडेंट मसुदा घेऊन आला. केस छान होती, लेखनही नेटकं. दुसऱ्या पानावर वाक्य होतं, 'रात्रीच्या वेळी रुग्णाच्या डाव्या हाताची विशिष्ट हालचाल होत असल्याचे निदर्शनास आले.' समासात मी लाल पेनने लिहिलं, 'कोणाच्या?'

तो गोंधळला. "मॅडम, नाइटच्या सिस्टरनी सांगितलं होतं."

"मग लेखकांत नाही, तर निदान आभारात नाव घाल त्यांचं. विचारून ये, पूर्ण नाव कसं लिहायचं ते."

दोन दिवसांनी आला, सिस्टरची नाइट असल्यामुळे थांबावं लागलं होतं त्याला. मसुद्यात नाव नव्हतंच.

"त्या नको म्हणाल्या, मॅडम."

"का?"

तो जरा घुटमळला. "म्हणाल्या, पहिल्या रात्रीच सांगितलं होतं डॉक्टरांना. तिसऱ्या रात्री कोणीतरी लिहून घेतलं. आता नाव छापलं तर मेट्रन विचारतील, तुमच्या ड्यूटीत दिसलं तर तुमच्या नोंदीत का नाही?"

"पहिल्या रात्री कोणाला सांगितलं होतं?"

तो मसुद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मला."